शस्त्रक्रिया सरकारी, गळती खासगी

आतड्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते. पण त्यानंतर पोटावर चिकटवावी लागणारी पिशवी, ती सुटल्यावर सोलवटून निघणारी त्वचा आणि या दोन्हींविषयी नीट समजावून सांगणारे माणूस यांना आपल्या आरोग्यधोरणात अजून जागा मिळालेली नाही.

बंगळुरूमधील किदवाई स्मारक कर्करोग संस्था १९७३ मध्ये सुरू झाली. ती केवळ या शहराची संस्था कधीच राहिली नाही. कलबुर्गी, रायचूर, बिदर, बेळगाव, खानापूर अशा दूरदूरच्या भागांतून रुग्ण तेथे येतात, आणि बाह्यरुग्ण विभागासमोरच्या रांगेत कन्नडबरोबर तेलुगू, उर्दू आणि मराठीही कानावर पडते. समजा, निपाणीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला गुदाशयाचा कर्करोग झाला आणि बंगळुरूतल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी होते. काही दिवसांनी घरी जाण्याची परवानगी मिळते आणि तो रात्रीच्या बसमध्ये बसतो. अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचे टोक बाहेर काढून शिवलेले असते. त्याभोवती एक चिकट चकती आणि चकतीला अडकवलेली पिशवी. बरोबरच्या थैलीत आणखी चार-पाच चकत्या, कागदांची फाइल आणि पुढल्या तपासणीची तारीख. चकती मध्यरात्री चित्रदुर्गच्या आसपास सुटली तर काय करायचे, हे त्या फाइलमध्ये बहुधा लिहिलेले नसते.

आपल्याकडील सार्वजनिक आरोग्याची चर्चा रुग्णालयाच्या फाटकापाशी संपते. किती खाटा, किती डॉक्टर, किती शस्त्रक्रिया, विम्याची मर्यादा किती, हे आपण मोजतो. फाटकाबाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय होते हा त्याच्या कुटुंबाचा प्रश्न समजला जातो. मल, मूत्र, दुर्गंधी यांच्याशी निगडित गोष्टींच्या बाबतीत तर हे मौन अधिकच घट्ट होते. या मौनाची किंमत मोजणारा एक मोठा वर्ग आपल्या देशात आहे आणि त्याच्या अडचणी मुळीच असाध्य नाहीत. म्हणूनच हा विषय वर्तमानपत्राच्या पानावर मांडणे मला आवश्यक वाटते.

स्टोमा हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ तोंड. मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढले तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टोमी आणि मूत्रासाठी असा मार्ग केला तर युरोस्टोमी. कर्करोग हे त्याचे सर्वपरिचित कारण आहे. पण आपल्यासारख्या देशात विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र, रस्त्यावरील अपघात, पोटात झालेला वार, आतड्याचा दीर्घकालीन दाह ही कारणेही तितकीच खरी आहेत. गुदद्वाराविना जन्मलेल्या अर्भकांना पहिल्या काही दिवसांतच कोलोस्टोमी करावी लागते. काहींचा स्टोमा तात्पुरता असतो, काही महिन्यांनी तो बंद करता येतो; काहींचा आयुष्यभरासाठी. दोघांनाही पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागते. या तोंडाला स्नायूंचे दार नाही. त्यातून काय आणि केव्हा बाहेर पडेल यावर माणसाचा ताबा नसतो. म्हणून सगळी भिस्त त्या चकतीवर; ती त्वचेला किती घट्ट बिलगून राहते यावर.

ती बिलगून राहिली नाही की काय होते, हे ज्याने सोसले आहे तोच जाणतो. इलिओस्टोमी असलेल्याच्या पिशवीत दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पातळ द्रव जमा होतो. बंगळुरूमध्ये सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या बसमध्ये, कार्यालयातील बैठकीत, लग्नाच्या पंगतीत किंवा रात्री अंथरुणात चकतीची एक कड उचलली जाते आणि ओल कपड्यांपर्यंत पोहोचते. असे दोन-तीनदा घडले की माणूस प्रवास टाळतो, मग नोकरी, मग देवळात जाणे, मग शेजाऱ्यांकडे बसणे. काही जण बाहेर पडायच्या आदल्या दिवसापासून जेवणच बंद करतात. त्याला कोणी घरकोंबडा म्हणते, कोणी आजाराने खचलेला समजते. प्रत्यक्षात तो एका चकतीचा कैदी झालेला असतो.

गळतीचा पहिला घाव त्वचेवर पडतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लहान आतड्यातून येणारा द्रव अल्कधर्मी असतो आणि त्यात अन्न पचवणारी विकरे सक्रिय असतात. भाकरीतले आणि डाळीतले घटक फोडणारी ही रसायने त्वचेला वेगळे मानत नाहीत. काही तासांत ती लाल होते, मग सोलवटते आणि पाझरू लागते. पाझरणाऱ्या त्वचेवर नवी चकती चिकटत नाही. चिकटत नाही म्हणून पुन्हा गळती, गळती म्हणून त्वचा आणखी खराब. या दुष्टचक्रात सापडलेला रुग्ण स्वाभाविकपणे जे करतो ते बहुतेकदा उलटे पडते. तो चकतीच्या कडांवर टेप लावतो, गळणाऱ्या जागी कापूस दाबतो, पिशवीवर फडके बांधतो. मग द्रव बाहेर येत नाही खरा, पण चकतीखाली कोंडून राहतो आणि त्वचेला आतून जाळत राहतो. खाली जळजळ किंवा खाज जाणवू लागली की वरून डागडुजी न करता चकती काढणे हाच पहिला नियम आहे. परवडत नाही म्हणून ती आणखी एक दिवस रेटली, तर वाचलेल्या पैशांपेक्षा अधिक खर्च पुढे त्वचेवर करावा लागतो.

काढलेली चकती फेकण्यापूर्वी उलटी करून पाहावी, ही स्टोमा परिचारिकांची शिकवण मला मोठी शहाणपणाची वाटते. चकतीची मागची बाजू एखाद्या पत्रासारखी वाचता येते. छिद्राभोवतीचा थर सर्व बाजूंनी सारखा फुगून विरघळला असेल, तर चकती अधिक दिवस ठेवली गेली किंवा छिद्र मोठे कापले गेले. एकाच दिशेने विरघळल्याची रेघ दिसत असेल, तर त्या दिशेला पोटावर वळी, खड्डा किंवा जुन्या शिवणीचा व्रण आहे आणि द्रवाने त्याच ओहोळातून वाट काढली आहे. हेच त्वचेचे. नेमका चकतीच्या आकाराचा, कडा रेखल्यासारखा लाल पट्टा उमटला असेल तर त्या पदार्थाची ॲलर्जी संभवते. केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या असतील तर चकती ओरबाडून काढल्याचा किंवा वस्तऱ्याने खरडल्याचा तो परिणाम असू शकतो. मुख्य लालीच्या बाहेर सुटे लाल ठिपके आणि तीव्र खाज असेल तर बुरशीची शंका घ्यावी. तेव्हा डॉक्टरांकडून औषध घ्यावे लागते, आणि तेही भुकटीच्या रूपात मिळाले तर बरे, कारण मलमावर चकती टिकत नाही.

गळतीच्या कारणांत सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण मापाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढील सहा ते आठ आठवड्यांत तो आक्रसतो आणि मग त्याचा आकार साधारण स्थिर होतो. रुग्णालयातून निघताना ज्या मापाचे छिद्र कापून दाखवले गेले, तेच माप रुग्ण वर्षभर कापत राहतो. स्टोमा आणि चकती यांच्यामध्ये बोटभर त्वचा उघडी पडते आणि तीच जळते. खरे तर छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. त्याहून लहान केले तर चकतीची कड स्टोमावर घासते, आणि स्टोमाला वेदना जाणवत नसल्याने तो कापला जात असल्याचेही कळत नाही. मोजमापाचा छिद्रांचा कागद चकत्यांच्या खोक्यात अनेकदा असतो. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा तो लावून पाहणे, एवढ्याने पुष्कळांचा त्रास निम्म्यावर येऊ शकतो. पण हे त्या दोन महिन्यांत कोणीतरी सांगावे लागते. आणि नेमक्या त्या काळात रुग्ण रुग्णालयापासून शेकडो किलोमीटर दूर असतो.

दुसरा गैरसमज पेस्टचा. नाव ऐकून रुग्ण तिला डिंक समजतो आणि चकती टिकेना की आणखी जाड थर लावतो. पेस्ट डिंक नव्हेच. रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात, तिचे काम तसे आहे: छिद्राच्या कडेची फट आणि पोटावरची खोलगट जागा भरून काढणे. जाड थर दिला तर चकती उलट घसरते. पाझरणाऱ्या त्वचेवर अनेक प्रकारच्या पेस्ट झोंबतात, कारण त्यांत अल्कोहोल असते. तेथे स्टोमासाठी मिळणारी भुकटी पातळ भुरभुरावी आणि जास्तीची झटकून टाकावी. न झटकलेल्या भुकटीवर चकती चिकटवणे म्हणजे पिठावर कागद चिकटवण्यासारखे आहे. साबणाचेही तसेच. तेल आणि मॉइश्चरायझर असलेले साबण, लहान मुलांचे तेल, सुगंधी ओले कागद यांनी त्वचेवर सूक्ष्म तवंग राहतो. आपल्या घरांतून खोबरेल तेलाला जो मान आहे तो सर्वज्ञात आहे. सोलवटलेल्या त्वचेवर घरातली वडीलधारी बाई प्रेमाने खोबरेल लावते आणि दुसऱ्या दिवशी चकती तासाभरात सुटते. साध्या कोमट पाण्याने धुणे आणि मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करणे पुरेसे असते.

सकाळी चहापूर्वी, आतडे शांत असताना चकती बदलावी. ती लावल्यावर तळहात दहा-पंधरा मिनिटे तिच्यावर ठेवून बसावे, कारण हा चिकट पदार्थ शरीराच्या उबेनेच त्वचेत बसतो. पिशवी तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीचे वजनच चकतीला खाली ओढते. काढताना ती खेचू नये, एका हाताने त्वचा दाबत दुसऱ्या हाताने वरून खाली सावकाश सोडवावी. सुट्या चकत्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत. बंगळुरूच्या हवेत एखादी चकती चार दिवस टिकत असेल तर तीच कलबुर्गीच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात घामाने आणि उष्णतेने दोन-अडीच दिवसांत हात टेकेल. त्यात रुग्णाचा दोष काही नाही. इतके सगळे करूनही गळती थांबत नसेल, स्टोमा पोटाच्या पातळीत किंवा आत गेला असेल, शेजारी फुगवटा येऊन हर्निया दिसत असेल, तर घरगुती प्रयोगांचे काम संपले. अशा वेळी आतल्या बाजूला फुगीर असलेली चकती, भरणीची वळी, पट्टा यांपैकी काय योग्य ते जाणकाराने पोट पाहून ठरवावे लागते. स्टोमाचा रंग काळपट किंवा निळसर दिसू लागला, किंवा पोट फुगून प्रवाह थांबला, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठले पाहिजे.

पुष्कळशी गळती तर शस्त्रक्रियेआधीच ठरून जाते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. आतडे पोटावर कोठे काढायचे, ती जागा आधी आखता येते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून पाहायचे आणि वळ्या, व्रण, हाडांचे उंचवटे व कमरेची रेघ टाळून खूण करायची. पाश्चात्त्य पुस्तकांत कमरेच्या पट्ट्याचा उल्लेख असतो. आपल्याकडे परकराची नाडी असते, लुंगी आणि पंचाची गाठ असते, नऊवारीचा कासोटा असतो. आपण जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून भांडी घासतो, शेतात वाकून खुरपतो. या प्रत्येक बैठकीत पोटाच्या वळ्या निराळ्या पडतात. खुर्चीवर बसवून आखलेली जागा रोपलावणीच्या वेळी दगा देऊ शकते. आतडे फुटून मध्यरात्री आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही चैन शक्य नसते हे मान्य. मात्र पूर्वनियोजित शस्त्रक्रियेतही ही दहा मिनिटे काढली जात नसतील, तर ती उणीव आहे. स्टोमा कसा घडवला आहे यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक बाहीच्या काठासारखे उलटे दुमडून शिवण्याची रीत मांडली. त्यामुळे स्टोमा छोट्या तोटीसारखा पुढे आला आणि द्रव त्वचेवर न ओघळता पिशवीत पडू लागला. आजही सपाट बसलेला स्टोमा हे गळतीचे एक प्रमुख कारण आहे.

या चिकटण्याच्या इतिहासात भारताचा एक विसरलेला वाटा आहे. सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर कांडोळ नावाचे झाड आढळते. उन्हाळ्यात पाने झडली की पांढुरक्या खोडामुळे ते रात्री उठून दिसते, म्हणून त्याला भुताचे झाड असेही म्हणतात. आदिवासी त्याच्या खोडाला खाचा पाडून डिंक गोळा करतात. व्यापारात त्याचे नाव कराया; त्याच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर राहिला आहे. परदेशात हा डिंक कृत्रिम दातांच्या कवळ्या चिकटवण्यासाठी वापरला जाई. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात तो स्टोमाभोवतीच्या सोलवटलेल्या त्वचेवर वापरून पाहिला. ओल्या त्वचेवरही तो चिकटला आणि तिला संरक्षण मिळाले. पुढे जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजच्या मिश्रणातून आजच्या चकत्या आल्या आणि कराया मागे पडला. मेळघाटात किंवा विशाखापट्टणमच्या डोंगरांत गोळा झालेल्या डिंकाने अमेरिकेतील रुग्णांना पुन्हा घराबाहेर पाऊल टाकता आले, आणि त्याच डोंगरांतील स्त्रीला आज स्टोमा करावा लागला तर तिला तालुक्याच्या गावी साधी चकती मिळेलच असे नाही.

टर्नबुल यांची दुसरी कामगिरी मला डिंकाहून मोठी वाटते. १९५४ मध्ये नॉर्मा गिल या रुग्ण स्त्रीवर त्यांनी इलिओस्टोमी केली. बरी झाल्यावर ती इतर रुग्णांना मदत करू लागली. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी तिला आपल्या रुग्णालयात याच कामासाठी नेमले आणि १९६१ मध्ये तेथे या विषयाचे पहिले प्रशिक्षण सुरू झाले. म्हणजे परिचारिकांची ही शाखा डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकातून न येता एका रुग्णाच्या अनुभवातून उभी राहिली. त्याच १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन या परिचारिकेला आपली बहीण गळतीच्या भीतीने घराबाहेर पडत नाही हे पाहवेना, म्हणून तिने त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना मांडली. पुढे कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली ती याच कल्पनेतून. या क्षेत्रातले दोन निर्णायक बदल दोन स्त्रियांनी घडवले आणि दोघींच्याही डोळ्यांसमोर प्रयोगशाळा नव्हती, गळतीने घाबरलेले माणूस होते.

भारतात अशी परिचारिका तयार होत नाही असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात याचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण मिळते. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांनी चालवलेली संस्था अनेक दशके मार्गदर्शन करीत आली आहे. अडचण अशी की, प्रशिक्षण घेतलेली परिचारिका पुन्हा साध्या वॉर्डात रुजू होते, कारण स्टोमा परिचारिका असे पदच बहुतेक सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात नाही. जिल्हा रुग्णालयात ती आढळणे हा अपवाद. तिच्या जागी मग पिशव्या विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी येतो आणि चकती लावून दाखवतो. तो अनेकदा सौजन्यशील आणि माहीतगारही असतो. पण रुग्णाच्या पोटाला काय हवे आणि कंपनीला काय खपवायचे आहे यांतली निवड त्याच्यावर सोपवणे इष्ट नव्हे. बंगळुरूमध्ये आज दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात येते. चकतीही घरपोच मागवता येते. ती कोणत्या मापाची आणि सपाट की फुगीर, हे सांगणारे माणूस मात्र मागवता येत नाही.

आता पैशाकडे वळू. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. कर्नाटकात ती राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडलेली आहे आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले योजनेशी. केंद्राच्या योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात. स्टोमा मात्र सोळाव्या दिवशीही तेथेच असतो. चकती तीन-चार दिवसांनी बदलायची म्हटली तर महिन्याला आठ ते दहा, वर्षाला शंभरावर लागतात. गळतीने रोज बदलावी लागली तर महिन्याचा साठा दहा दिवसांत संपतो. म्हणूनच ज्याला चकती नीट लावायला शिकवले गेलेले नाही, त्याला ती सर्वांत महाग पडते. चांगल्या प्रतीच्या बऱ्याच चकत्या आयात होतात. जून २०२२ अखेरीस चंदिगडमध्ये झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत या साहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आणि तो १८ जुलैपासून लागू झाला. निर्णय स्वागतार्ह होता. पण रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी करातली सूट आणि वस्तू हातात पडणे यांत फार मोठे अंतर असते. ते तो आपल्या परीने कापतो: चकती आठवडाभर ठेवतो, पिशवी धुऊन पुन्हा लावतो, शेवटी प्लास्टिकची साधी थैली दोऱ्याने बांधतो.

कायद्याची गोष्ट तर विसंगतीचा नमुना आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. स्टोमा तीत नाही. याउलट भारतीय रेल्वे मासिक आणि त्रैमासिक पासासाठी ऑस्टोमी रुग्णांना स्वतंत्र वर्ग मानून सवलत देत आली आहे. म्हणजे लोकलच्या डब्यात ज्याची अडचण सरकारला मान्य आहे, त्याची अडचण नोकरीच्या ठिकाणी किंवा सार्वजनिक स्वच्छतागृहात मान्य नाही. जपानमध्ये कायमस्वरूपी स्टोमा असलेल्यांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते आणि अनेक रेल्वे स्थानकांत त्यांच्यासाठी पिशवी धुण्याचे उंच कुंड असलेली स्वच्छतागृहे आहेत. ऑस्ट्रेलियात १९७५ पासून सरकारी योजनेतून रुग्णसंघटनांमार्फत चकत्या व पिशव्या दिल्या जातात. आपला देश त्यांच्याइतका श्रीमंत नाही हे उत्तर येथे पुरेसे नाही. आपल्या कायद्याच्या परिशिष्टातच केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे नवा प्रकार जोडण्याची मुभा आहे. त्यासाठी संसदेत दुरुस्ती विधेयक आणण्याचीही गरज नाही.

शहरांच्या कारभाराचाही याच्याशी संबंध येतो, आणि बंगळुरूकडे त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात येथे कूपनलिका आटल्या, टँकरचे दर भडकले आणि पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी किंवा बागेसाठी वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर केला. त्या दिवसांत दिवसातून पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करून धुणाऱ्या माणसाच्या बादलीचा विचार कोणत्याही आदेशात नव्हता. दुसरीकडे, याच शहरात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने घरोघरी कचरा तीन भागांत वेगळा करण्याची पद्धत लागू झाली. ओल्या कचऱ्याला हिरवा डबा, सुक्याला पिशवी आणि लंगोट, सॅनिटरी पॅड अशा कचऱ्यासाठी लाल डबा. वापरलेल्या स्टोमा पिशवीची जागा याच लाल डब्यात आहे. पिशवी आधी शौचालयात रिकामी करावी आणि कागदात घट्ट गुंडाळून तेथे टाकावी. २०१६ च्या घनकचरा नियमांतील स्वच्छताविषयक कचऱ्याच्या व्याख्येत तत्सम कचराही येतो. तरीही लाज वाटते म्हणून पुष्कळ जण ती काळ्या थैलीत घालून रात्री कोपऱ्यावर टाकतात आणि सकाळी पौरकार्मिक स्त्रीला ती हाताने उघडावी लागते. एकाच्या संकोचाचा भार दुसरीच्या हातांवर पडतो. सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या बाबतीत तर मागणी अगदी माफक आहे: दाराला आतून खुंटी, सामान ठेवायला फळी, पोटाच्या उंचीवर आरसा, चालू नळ आणि झाकणाचा डबा. मेट्रोच्या नव्या स्थानकांचे नकाशे तयार होत असताना या पाच गोष्टींचा खर्च कंत्राटदाराच्या हिशेबात दिसणारही नाही.

रुग्णालयांनी करावयाच्या गोष्टीही अशाच छोट्या आहेत. शस्त्रक्रियेच्या सरकारी पॅकेजमध्ये पहिल्या तीन महिन्यांच्या चकत्या, एक मापपट्टी आणि सहाव्या आठवड्यातील एक भेट समाविष्ट करावी. ती भेट बंगळुरूलाच व्हायला हवी असे नाही. बेळगावच्या किंवा कलबुर्गीच्या रुग्णालयातील एका परिचारिकेला प्रशिक्षण देऊन तिच्या नावासमोर तसे पद लिहिले तर पाचशे किलोमीटरचा प्रवास वाचेल. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवा २०१९ पासून चालू आहे. उलटी केलेली चकती आणि स्टोमाभोवतीची त्वचा यांची दोन छायाचित्रे पाहून अनुभवी परिचारिका बरेच काही सांगू शकते. या सेवेत आठवड्यातून एक वार तिच्यासाठी राखून ठेवता येईल. आणि घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कागदांत एक पान मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत असावे. त्यावर गळती हा शब्द स्पष्ट छापलेला असावा, खाली छिद्राचे माप लिहायला रिकाम्या चौकटी असाव्यात आणि त्याखाली, रात्री बसमधूनही लागेल असा एक दूरध्वनी क्रमांक.